ग्रहणात अडकलेली सुई

लोधिवलीचा शिमगा म्हणजे सोंगांचा शिमगा. कुणी फौजदार होतो, कुणी जोगतीण, कुणी वाघ. गौराबाईचा धाकटा हिरू गेल्या साली अस्वल झाला होता आणि गावच्या कुत्र्यांनी त्याला पार शेताडीत पळवला होता. ते त्याला वर्षभर झोंबत होतं. म्हणून ऐंशी सालच्या शिमग्याला त्यानं ठरवलं, की आपण अरबस्तानातली नाचणारी बाई व्हायचं.

खोपोलीच्या टॉकीजमध्ये त्यानं तसली बाई पडद्यावर पाहिली होती. बाई जागच्या जागी उभी, आणि हलतंय काय तर पोट, आणि त्याखाली मण्यांनी लगडलेला कमरेचा पट्टा. हिरू कारखान्यातून पाळी संपवून आला की चुलीपुढे उभा राहून पोट हलवायचा सराव करी, आणि गौराबाई कपाळावर हात मारून घेई. त्याचं सोंग पुढे गाजलं, लोक अजून त्याचं नाव काढतात, ते काढू देत. त्या पट्ट्यानं खरी कमाल केली ती शिमग्याच्या आधीच, आणि ती हिरूच्या कमरेवर केली नाही.

पट्टा शिवायला घेतला मैनानं. मैना म्हणजे थोरल्या नागूची बायको. नागू टेंपोवर, घरी कमी आणि हायवेवर जास्त. मैनाला आठवा सरत आला होता, पण दिराचा शब्द तिला मोडवेना. हिरूनं मुंबईहून लालभडक कापड आणलं होतं. ताणलं तर दुप्पट व्हायचं आणि सोडलं की पुन्हा होतं तेवढं. गौराबाईनं असलं कापड जन्मात पाहिलं नव्हतं. ती ते पुन्हा पुन्हा ताणून बघायची, आणि कुणी बघितलं की रबरी फडकं म्हणून बाजूला टाकायची. शिळफाट्याच्या बाजारातून काचेच्या मण्यांच्या माळा आल्या. मैनानं कापड पाटावर पसरलं आणि त्यावर मणी असे भरले, की शेजारची ठमीसुद्धा बघत उभी राहिली. मग हिरूनं पट्टा कमरेला चढवला, ओढला, आणि सगळा दोरा तटातटा तुटला. कापड ताणलं, दोरा कसा ताणणार? मणी सारवलेल्या जमिनीवर उडाले आणि कोंबड्या धावल्या. त्यांना काय, चमकलं की दाणा. निम्मे मणी त्यांच्याच पोटात गेले.

तेव्हा मैनाला कळलं, की कापड आधी ताणायचं आणि ताणलेलं असतानाच मणी लावायचे, आणि दर चार मण्यांना गाठ मारायची. मग ताणायचं कशावर? हंड्यावर ताणलं, तर सुई पितळेवर आपटून टोक मोडलं. लाल भोपळ्यावर ताणलं. एक दिवस बरं चाललं, दुसऱ्या दिवशी सुईच्या भोकांतून भोपळ्याला पाणी सुटलं आणि कापड चिकट झालं. गौराबाईनं तोंडाचा पट्टा चालवत त्याची भाजी केली. हिरूच्या अंगावर ताणावं, तर त्याला गुदगुल्या. शेवटी एका दुपारी मैनानं पोटावर गोधडीचा जाड तुकडा ठेवला, वरून पट्टा ओढला, टोकं पुढेच जाड दोऱ्यानं टाचली, पट्टा फिरवून टाके पाठीवर नेले आणि शिवायला बसली. एवढं गोल आणि एवढं ताठ गावात दुसरं होतं काय?

पट्टा आवळला की आतलं पोर रागवायचं आणि लाथा मारायचं. मणी थरथरायचे. हिरू आणि ठमी हसून लोळायची. गौराबाई मात्र तिकडे पाठ करून बसायची.

आता ह्या पाठ करण्याचं सांगायला हवं. मैनाची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला गौराबाईनं पाचव्यातच काळे मणी आणून बाळाच्या मनगट्या ओवल्या होत्या. पोराला दृष्ट लागू नये म्हणून आजीनं हातानं ओवलेल्या मनगट्या, आणि त्या घालायला पोरच आलं नाही. दुसऱ्या खेपेला तिनं पुन्हा ओवल्या. ते पोर दिवस भरून आलं, पण रडलं नाही. दोन्ही जोड पत्र्याच्या पेटीत तळाशी पडले. गौराबाईला कुणी बोललं नाही, पण तिनंच मनाशी धरलं, की आपल्याच हावरेपणाची दृष्ट लागली. ह्या खेपेला तिनं मण्याला हात लावला नाही, मैनाच्या पोटालाही लावला नाही. लोकांना वाटलं, म्हातारी खाष्ट आहे. होतीच ती खाष्ट. पण आतून पार पोखरली होती बिचारी.

आणि ग्रहणाच्या आदल्या दिवशी पोर हलायचं थांबलं.

मैनानं ते ग्रहणाच्या सकाळी चुलीपाशी हळूच सांगितलं. काल सकाळपासून काही नाही म्हणाली. गौराबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली तरी तिला समजलं नाही. मोतीबाई सुईण आली, पोटाला कान लावून बसली, हात फिरवला. ग्रहण सुटलं की पनवेलला दवाखान्यात न्या, एवढंच सांगून निघून गेली. नेणार कसं? नागू टेंपो घेऊन पुण्याकडे. आणि त्या दिवशी हायवेवर चिटपाखरू नव्हतं. जो तो दारं लावून बसलेला. सूर्य एवढा झाकोळणार म्हणून रेडिओवर सारखं सांगत होते.

गरोदर बाईला ग्रहण म्हणजे केवढा जाच. तिनं चिरायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, सोडायची नाही, अंगावर उजेड घ्यायचा नाही. गौराबाईनं खिडकीला घोंगडी लावली. पाण्याच्या हंड्यात, पिठाच्या डब्यात तुळशीची पानं टाकली. मग अंगणात कोंबड्या बघायला गेली आणि परत आली, तर मैना भिंतीला टेकून बसलेली, पोटावर तो लाल पट्टा ताणलेला, हातात सुई.

गौराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज? आजच्या दिवशी सोंगाचं शिवण? तिनं तोंड उघडलं. पण मैनानं वर बघितलं, आणि तिचा चेहरा बघून गौराबाई दारातच थांबली.

"रोज पट्टा आवळला की ते लाथ मारतं, आत्याबाई," मैना म्हणाली. "म्हटलं, आज पन मारंल. शिवायला लागले तरी नाय मारली."

तेवढ्यात शेजारच्या धाऊच्या ओटीवरून हिरूची हाळी आली, की ग्रहण लागलं, रेडिओवर सांगितलं.

झालं. सुई कापडातून नुकतीच वर आलेली, दोरा दुहेरी, खाली गाठीत अडकलेला. दोरा तोडल्याशिवाय सुई सुटेना, पाठीवरचे टाके कापल्याशिवाय पट्टा सुटेना, आणि ग्रहणात गरोदर बाईच्या अंगावरच्या दोऱ्याला कुणीच कात्री लावायची नाही. सुई मैनाच्या पोटावर लोंबकळत राहिली. जरा हलली की टोचायची. गौराबाईनं क्षणभर इकडे तिकडे बघितलं आणि मग गपकन मैनाच्या शेजारी फतकल मारली. सुई आपल्या चिमटीत धरली, उरलेला दोरा बोटाभोवती गुंडाळून घेतला, म्हणजे सुई हलायला नको. इतके महिने जिच्या पोटाकडे पाठ केली, त्याच पोटाशी आता बांधून घातल्यासारखी बसली. मैनाला झोपवलं. 

उजेड बदलू लागला. ऊन होतं, पण उतरल्यासारखं, पितळ कळकट व्हावं तसं. बाहेर कावळे ओरडायचे थांबले. कोंबड्या भर दुपारी आपण होऊन खुराड्यात शिरल्या. गौराबाईनं आयुष्यात बरीच ग्रहणं काढली होती, पण असली मुकी दुपार तिनं पाहिली नव्हती. ती मनातल्या मनात देवीला म्हणत होती, की मला काय करायचं ते कर, पन ह्या पोरीला मोकळ्या हातानं उठवू नको.

मग तिचं लक्ष जमिनीकडे गेलं.

कौलांच्या फटींतून रोज दुपारी घरात कवडसे पडायचे. गोल, रुपयाएवढे. ते तिच्या ओळखीचे होते, त्यांच्यावरून ती वेळ सांगायची. आज एकही कवडसा गोल नव्हता. जमिनीवर, भिंतीवर, उतरंडीवर, जिकडे बघावं तिकडे चंद्रकोरी. बायका कपाळावर कोरून काढतात तशा, बारीक, टोकदार, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. घरभर कुणीतरी कुंकू कोरून ठेवलं होतं.  सूर्य आकाशात झाकला जात होता आणि इथं तिच्या सारवलेल्या जमिनीवर त्याची शंभर पिल्लं पडली होती. तिला वाटलं, आपण हे बघायला नको, आपण कोण हे बघणारे. पण डोळे हटेनात.

त्या कोरी सरकत सरकत मैनाकडे निघाल्या होत्या. एक गुडघ्यावर चढली. एक पट्ट्यावर आली, आणि लाल कापडावरचे काचेचे मणी एकदम पेटले. गौराबाई भानावर आली. गरोदर बाईच्या अंगावर ग्रहणाचा उजेड! तिनं मोकळ्या हातानं गोधडी ओढली, मैनाच्या पोटावर घालायला उचलली.

आणि दोऱ्याला हिसका बसला.

तिच्या बोटाला गुंडाळलेला दोरा ताठ झाला आणि सैल पडला. गौराबाईनं मैनाकडे बघितलं. मैना डोळे मिटून निपचित पडली होती, तिचा हातपाय हलला नव्हता. पुन्हा हिसका. ह्या खेपेला जोरात, बोटात दोरा रुतेल असा. आणि पट्ट्यावरचे मणी खालून वर सरसरले. उजेडाची कोर त्यांच्यावर फुटली, विखुरली, परत जुळली, परत फुटली. लाल कापड एका जागी टेंगळासारखं वर आलं, सरकलं, खाली बसलं आणि दुसऱ्या जागी वर आलं. आत कुणीतरी कूस बदलत होतं. चांगलं ऐसपैस बदलत होतं, झोप पुरी झाल्यासारखं.

मैनानं डोळे उघडले. तिच्या कानांवर पाणी ओघळत होतं. "आत्याबाई," एवढंच ती म्हणाली.

गौराबाईच्या हातातली गोधडी कधी पडली ते तिला कळलं नाही. ती बघत राहिली. तेवढ्या मिणमिणत्या दुपारी, एवढ्याशा फटीतून आलेला सूर्य आणि न जन्मलेलं पोर, दोघं मिळून तिच्या सुनेच्या पोटावर खेळत होते, आणि ती दोऱ्याचं टोक धरून बसली होती. तिला भीती वाटली नाही. अंगावर काटा आला, डोळे भरून आले, पण भीती कुठं गेली कुणास ठाऊक. तिनं मोकळा हात पुढे केला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मैनाच्या पोटावर ठेवला. आतून हाताला धक्का बसला. म्हातारी हसली की रडली, ते मैनालाही नीट सांगता आलं नाही.

कोरी फुगत गेल्या, जाडजूड झाल्या, आणि हळूहळू गोल झाल्या. कोंबडा आरवला. धाऊच्या ओटीवरून हिरू ओरडला, की सुटलं, आंघोळी करा.

हिरू धावत आत आला आणि कात्री घेऊन वैनीच्या पाठीवरचे टाके कापायला निघाला, तेव्हा गौराबाईनं त्याला दमात घेतलं. आधी सुई. तिनं मैनाचा अर्धा राहिलेला टाका आपल्या हातानं पुरा केला, गाठ मारली, मगच दोरा तोडला. पनवेलला उद्या नेऊ, नागू आला की, म्हणाली. नेऊ आणि दाखवू, पण आता पळत न्यायची गरज नाही.

दोघी आंघोळ करून आल्या. ओल्या केसांनीच गौराबाई उंबऱ्यात बसली. जवळ पत्र्याची पेटी उघडी होती. जुने दोन्ही जोड तिनं तसेच ठेवले होते, त्यांना हात लावला नव्हता. पुढ्यात नवे काळे मणी होते, पट्ट्याच्या माळांत आलेले, हिरूला नको झालेले. ती सुईत दोरा ओवायला बघत होती आणि दोरा नेढ्यात जाईना.

मैनानं तिच्या हातून सुई घेतली, ओवली, परत दिली. मग विचारलं, "माप कुठलं धरणार? अजून आलं नाय ते."

गौराबाईनं आपलं बोट पुढे केलं. दोरा रुतलेला वळ अजून लाल होता.

"हितं वढलं त्यानं," ती म्हणाली, आणि त्याच बोटाभोवती दोरा फिरवून तिनं पहिला काळा मणी ओवला.