एका कॉम्प्युटरातली बिऱ्हाडं

दर रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरचे चार शौकीन जमत. त्यातले तिघे बोलत आणि चौथे "होय, बरोबर आहे" असं म्हणत. या चौथ्यांचं नाव बाकीच्यांनी आपसांत होयबा ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यावरही त्यांनी मान डोलावली होती.

होयबांचा जन्म छापखान्यात गेला. जाडजूड पुस्तकांच्या शेवटी कुठला विषय कुठल्या पानावर ते सांगणारी सूची असते, ती करणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही प्रकाशक त्यांच्याकडे पुस्तकं धाडत. सूची करणाऱ्यानं मत द्यायचं नसतं. लेखक पान साठवर एक म्हणाला आणि पान दोनशेवर बरोबर त्याच्या उलट म्हणाला, तर साठ आणि दोनशे हे दोन्ही आकडे मध्ये स्वल्पविराम देऊन शेजारी शेजारी बसवायचे आणि पुढे जायचं. आयुष्यभर हेच केल्यामुळे होयबा माणसांच्या बाबतीतही स्वल्पविराम देऊन मोकळे होत.

बाकीचे तिघे पूर्णविरामाची माणसं. कॉम्प्युटरच्या पोटात जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, जिच्यावाचून तो नुसता खोका, ती कुठली असावी यावर या तिघांचं कधीच जमलं नाही. दातांचे डॉक्टर खिडक्यांच्या नावाच्या सिस्टिमचे. समोरच्याचं तोंड उघडं आणि त्याला उत्तर देता येत नाही, अशा अवस्थेत बोलायची त्यांना सवय झाली होती, आणि ती त्यांनी दवाखान्याबाहेरही सोडली नव्हती. गणिताचे मास्तर पेंग्विनवाले. त्यांच्या सिस्टिमचं चिन्ह पेंग्विन, आणि मास्तरांची चालही तशीच, पण हे बोलायची कुणाची छाती नव्हती. तिसरा कुलूपवाला. कुलपं दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा, माणूस इतका मऊ की दार लावतानाही आवाज करायचा नाही. त्याच्या सिस्टिमचं चिन्ह मात्र लाल रंगाचा, शिंगं असलेला छोटा सैतान.

"मास्तर, तुमच्या पेंग्विनात प्रिंटर चालू झाला का?" डॉक्टर सुरुवात करायचे.

"होतोय."

"गेल्या वर्षीही होतच होता."

"डॉक्टर, मी तो स्वतःच्या हातानं चालू करतोय. तुमचं सगळं आयतं. आत काय चाललंय ते तुम्हाला दिसतं तरी का?"

"मला कशाला दिसायला हवं? माझ्याकडे आलेला माणूस दाढेच्या आत काय चाललंय ते बघायला मागतो का?"

"भांडू नका," कुलूपवाला हळूच म्हणायचा. "चोर दोघांच्याही घरात शिरेल, एवढंच माझं म्हणणं."

मग तिघेही होयबांकडे बघायचे. होयबा तिघांकडे बघून मान हलवायचे, आणि तिघांनाही वाटायचं, मान आपल्यासाठीच हलली.

हे असंच सुखानं चाललं असतं, पण ग्रंथालयाला कुणीतरी एक कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला. ग्रंथपालबाईंनी तो मागच्या खोलीत आणून ठेवला आणि म्हणाल्या, "वाचकांना पुस्तकं शोधायला ठेवायचाय. यात काय घालायचं ते तुम्ही जाणकार मंडळी ठरवा, आणि एकदाचं घाला." जाणकार म्हटल्यावर तिघांच्याही अंगावर मूठभर मांस चढलं. मत घ्यायचं ठरलं. तीन मतं तीन दिशांना जाणार हे उघड होतं. उरलं होयबांचं.

त्या आठवड्यापासून होयबांचा भाव वधारला. ज्यांना रविवारी खुर्चीसुद्धा शोधावी लागे, त्यांच्या घरी माणसं चालून येऊ लागली. मंगळवारी दवाखाना बंद, म्हणून डॉक्टर आले. "तुम्ही आमचेच," म्हणाले, "फक्त घरच्या मशीनवर आमची सिस्टिम घाला, म्हणजे खात्री पटेल." होयबा हो म्हणाले. बुधवारी मास्तर आले. होयबा हो म्हणाले. शुक्रवारी कुलूपवाला आला, नुसता बसून राहिला आणि निघताना एक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून गेला. त्याला तर नाही म्हणायला त्यानं काही विचारलंच नव्हतं.

नाही म्हणता येत नसलेल्या माणसाचा कॉम्प्युटर जसा व्हायचा तसा झाला. होयबांनी आतल्या जागेचे वाटे घातले आणि चाळीत भाडेकरू ठेवावेत तशी एकेका खोलीत एकेक सिस्टिम ठेवली. बटण दाबलं की पडद्यावर चार नावं उभी राहत, हवं ते निवडायचं आणि ते बिऱ्हाड जागं व्हायचं. चौथं नाव कुणाचं, ते पुढे येईल.

डॉक्टर यायच्या आधी होयबा खिडक्या उघडून बसत. मास्तर यायच्या आधी पेंग्विन. बायको चहाचं आधण ठेवता ठेवता विचारायची, "आज कुणाचा वार?"

"बुधवार. मास्तर."

"दोन बायकांचा दादलासुद्धा एवढी धावपळ करत नसेल हो."

"अगं, कुणाचं मन कशाला मोडायचं?"

"मोडू नका. पण एक दिवस तिघे एकदम आले, म्हणजे तोंड कुठे लपवाल ते आत्ताच बघून ठेवा."

तो दिवस आलाच. मताच्या रविवारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीला रंग लागला होता. ग्रंथपालबाईंनी दारातूनच सगळ्यांना परतवलं. "मग सूचीकारांकडेच बसू," डॉक्टर म्हणाले. तोंडावर ते होयबांना सूचीकार म्हणत. "त्यांच्या मशीनवर सगळ्यांना दाखवताही येईल." मास्तरांनी लगेच मान्य केलं, कुलूपवाल्यानंही. मंडळाच्या इतिहासात तिघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ही पहिली वेळ. आपापली सिस्टिम होयबांच्या घरी नांदते आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि बाकीच्या दोघांचे चेहरे कधी पडतात याची प्रत्येकाला घाई झाली होती.

होयबा "पुढे होतो, चहाचं सांगतो" म्हणून निघाले ते जवळजवळ पळतच घरी आले. मित्र म्हणावेत असे त्यांना हे तिघेच. पुस्तकांतली माणसं पुष्कळ ओळखीची होती, पण त्यांतलं कुणी रविवारी घरी येत नसे. एकाला दुखावलं तर रविवार लंगडा होणार, आणि तिघांना एकदम दुखावलं तर रविवारच उरणार नाही.

"सांग, आजारी आहेत," ते बायकोला म्हणाले.

"आत्ता जिना धावत चढलात, शेजारणीनं बघितलंय."

"मग मशीन आजारी आहे."

बायकोनं कपाळाला हात लावला. पण होयबा तोवर खोक्याचं झाकण काढून बसले होते. आतली एक वायर त्यांनी ओढून काढली, झाकण पुन्हा लावलं आणि घाम पुसतात तोच बेल वाजली.

"यंत्र बिघडलंय हो," त्यांनी दारातच सांगितलं. "बंदच पडलंय. आज काही बघता येणार नाही."

इथे होयबांची चूक झाली. वैद्यांच्या घोळक्यात जाऊन कळ येते म्हणावं, तसं हे झालं. तिघांचे डोळे असे चमकले की होयबांना पुढचं सगळं दिसलं.

"बिघडलंय? काय होतंय नेमकं?" डॉक्टरांनी खिशातून बारीक टॉर्च आणि त्यांचा तो दात बघायचा छोटा आरसा काढला. कुलूपवाल्याकडे पेचकस होतेच, तो ते घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "घाई करू नका. आधी शक्यता मांडू."

बायकोनं चहा आणला, तो तसाच निवला. तिघे जमिनीवर मांडी घालून खोक्याभोवती बसले होते, आणि त्यांच्यात भांडण म्हणून नव्हतं. "डॉक्टर, उजेड जरा इकडे." "मास्तर, तुमचं बरोबर वाटतंय." असले शब्द होयबांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बिघडलेल्या यंत्रासमोर तिघांचा धर्म एकच होता. होयबांना क्षणभर वाटलं, हे असंच चालावं, वायर सापडूच नये.

कुलूपवाल्याला ती सापडली. त्यानं ती दोन बोटांत धरली, आरशात उलटसुलट पाहिली आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "ही आपोआप निघालेली नाही. कुणीतरी काढलीय."

"होय, बरोबर आहे," होयबा म्हणाले. सवय वाईट.

तिघांनी माना वळवल्या. पण त्याचा अर्थ लागायच्या आतच डॉक्टरांनी वायर बसवून बटण दाबलं होतं. पडदा उजळला. त्यावर होयबांनी स्वतः दिलेली नावं एकाखाली एक उभी राहिली: खिडकी, जुनी, पेंग्विन, सैतान.

मास्तरांनी ती बोटानं एकेक करून मोजली.

"म्हणजे मंगळवारी मला दाखवलंत ते..." डॉक्टर म्हणाले.

"आणि बुधवारी मला," मास्तर म्हणाले.

"शुक्रवारी," कुलूपवाला एवढंच म्हणाला, आणि होयबांना तेच सर्वांत जास्त लागलं.

"मी सगळ्यांना हो म्हटलं होतं," होयबा म्हणाले, "मग सगळ्यांना ठेवलं. खोटं काही नाही त्यात."

"पण पहिला मान खिडकीला का?" मास्तर उसळले.

"अकारविल्हे लावलंय, मास्तर. ख आधी येतो."

"आणि जागा? जागा किती दिलीत मला?"

"तिघांना सारखी."

"सारखी?" हा दगा तिघांनाही आधीच्या दग्यापेक्षा मोठा वाटला. "त्या सैतानाला अन् मला सारखी?" "अहो, खिडक्यांना जागा जास्त लागते, हे साधं..." "लागतेच, तेच तर म्हणतोय मी!" तिघे पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. आता कुठलं बिऱ्हाड उघडायचं यावरून पडद्यासमोर हातघाई सुरू झाली. डॉक्टरांनी कळफलकाकडे हात नेला की मास्तर तो धरत, मास्तरांनी नेला की कुलूपवाला आपला पेचकस हळूच मध्ये घाली.

या गडबडीत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. होयबा सोडून. पडद्याच्या तळाशी आकडे उतरत होते. ठरावीक वेळात कुणी काही निवडलं नाही, तर यंत्र मालकाच्या नेहमीच्या खोलीत आपण होऊन शिरतं. पाहुणा यायचा असला की होयबा ती खोली बदलून ठेवत. आज घाईत त्यांनी वायर काढली आणि ते राहून गेलं.

आकडे संपले. पडदा काळा झाला.

"गेलं," डॉक्टर म्हणाले.

गेलं नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळी उमटल्या. धरणांवरच्या एका पुस्तकाची सूची होती ती. गळती, गाळ, गाळ काढणे. शेवटच्या शब्दापुढे एक छोटी रेघ लुकलुकत होती. बाकी काही नाही.

"हे काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"जुनी," होयबा म्हणाले. "छापखान्यात होती ती. कुणी ठेवत नाही आता."

"यात चित्रं कुठे आहेत?" डॉक्टर.

"नाहीत."

"इंटरनेट?"

"नाही."

कुलूपवाला पुढे सरकला. "इंटरनेटच नाही? म्हणजे चोराला दारच नाही." त्याच्या आवाजात हेवा होता.

"आणि तुम्ही खरं काम यात करता? आमच्या तिघांच्या पाठीमागे?" मास्तरांनी विचारलं.

बायको दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर 'आता बोला' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हो," ते म्हणाले. "तुमच्या तिन्ही चांगल्याच आहेत. पण त्या मला सारखं काहीतरी विचारतात. हे करू का, ते बदलू का, नवीन आलंय, बघता का. आणि मला कुणी विचारलं की मी हो म्हणतो, तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळपर्यंत सूची राहते बाजूला आणि मी नुसता हो म्हणत बसतो. ही काही विचारत नाही. मी शब्द लिहिला की ती पुढच्या शब्दाची वाट बघते, बस. दिवसभरात ही एकच जागा आहे, जिथे मला हो म्हणावं लागत नाही."

होयबा आजवर मंडळात सगळं मिळूनही एवढं बोलले नव्हते. बोलून झाल्यावर तेच घाबरले.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मत? ग्रंथालयात काय ही काळी पाटी ठेवायची?"

"छे. वाचकाला पुस्तक कुठल्या कपाटात आहे एवढंच हवं असतं. त्याला काहीही चालेल."

"काहीही?" तिघेही एका आवाजात म्हणाले. होयबांनी तिघांपैकी एकाला निवडलं असतं तर दोघेच रागावले असते.

"एकाचं नाव घ्या," मास्तर म्हणाले. "आज स्वल्पविराम चालणार नाही."

होयबांनी डोळे मिटले. "खिडकी. ग्रंथपालबाईंना तीच येते, आणि यंत्रापाशी त्या बसणार आहेत, आपण नाही."

डॉक्टर विजयी मुद्रेनं उभे राहिले, पण कारण त्यांच्या सिस्टिमच्या गुणांत कुठे बसत नसल्यानं त्यांना धड आनंदही करता येईना. कुलूपवाल्यानं निवलेला चहा पिऊन टाकला, पेचकस गोळा केले आणि "ग्रंथालयातल्या यंत्राचं कुलूप मी येऊन तपासेन," म्हणाला. मास्तर तडक निघाले. जिन्यावर त्यांच्या चपला बराच वेळ वाजत राहिल्या.

पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. होयबांना पेंग्विनच्या बाजूनं बोलायला कुणी नाही याचंच वाईट वाटू लागलं, आणि डॉक्टर प्रिंटरवर काही बोलले तेव्हा होयबांनी चक्क "तसं नाही डॉक्टर" असं म्हटलं. डॉक्टरांना ठसका लागला. त्यांनी कुलूपवाल्याकडे पाहिलं, तर तो आपल्या हसण्याला कुलूप लावून बसला होता.

बुधवारी बेल वाजली. दारात मास्तर. त्यांनी होयबांकडे न बघता भिंतीकडे बघत विचारलं, "ती जुनी जरा दाखवता का? शत्रू म्हणून अभ्यास करायचाय."

बायको आतून म्हणाली, "आज कुणाचा वार?"

"माझा," होयबा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते आठवून कानापर्यंत लाल झाले.

त्यांनी बटण दाबलं. चार नावं आली. मास्तरांचा हात सवयीनं पेंग्विनकडे गेला.

"काही दाबू नका," होयबांनी तो हात धरला. "थांबा नुसते. ती आपण होऊन येते."

मास्तर हात मांडीवर ठेवून थांबले. आकडे उतरू लागले. ते बरोबर उतरत आहेत ना, हे मास्तर मनातल्या मनात तपासत होते.