टाच दुखायची थांबली तेव्हा

“सर, हलू नका. अजिबात हलू नका.”

अलगदरावांचा आवाज इतका बदलला होता की खुर्चीत बसलेले गणिताचे निवृत्त सर श्वाससुद्धा रोखून राहिले. गळ्याभोवती पांढरं कापड, एका गालावर अजून दाढीचा फेस, मानेपाशी वस्तरा, आणि समोरच्या आरशात न्हाव्याचा चेहरा त्या कापडाहून पांढरा.

“काय झालं हो?” सरांनी ओठ न हलवता विचारलं.

खाली फरशीवर, सरांच्या पिकल्या केसांच्या पुंजक्यांत, रक्त होतं. थेंब दोन थेंब नव्हे, चांगलं पसरलेलं. त्यांनी वस्तरा फळीवर ठेवला. सरांचा एक कान वाकवून पाहिला, मग दुसरा. हनुवटी वर करून गळा पाहिला. मान कापसानं पुसून तो कापूस उजेडात धरला. कोरडा होता.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. झोपलेल्या पोराचे केस कापले तरी पोर जागं व्हायचं नाही, असा हात. म्हणून कुणीतरी कधीतरी ‘अलगदराव’ म्हणालं आणि तेच चिकटलं. उभ्या आयुष्यात या हातानं कुणाला ओरखडा काढला नव्हता. आणि आज सरांना, ज्यांच्या डोक्यावर मुळात कापायलाच फार काही उरलेलं नव्हतं, त्यांना आपण कुठंतरी कापलंय, एवढंच त्यांना दिसत होतं.

“सर, कुठं झोंबतंय का?”

“नाही बुवा.”

“आग? चुणचुण?”

“अहो, मला काहीही झालेलं नाही.” सरांनी मान वळवून खाली पाहिलं आणि त्यांचे डोळे एका जागी थांबले. “अलगदराव, हे तुमचं आहे. पाय बघा तुमचा.”

उजव्या पायातली मऊ स्पंजची चप्पल लाल झाली होती. ते पुढे सरकले तसा तिचा ठसा फरशीवर उमटला. तरी अलगदराव म्हणाले, “छे. माझं कसं असेल? मला कुठं काय दुखतंय?”

सरांनी गळ्यातलं कापड स्वतःच सोडलं, उठले, आणि दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. खुर्ची गिऱ्हाइकाची, आपण तिच्याभोवती फिरायचं, या हिशेबानं जन्म काढलेल्या माणसाला ती पाठीला टोचायला लागली. सर गुडघ्यावर बसले, चप्पल धरून ओढली. चप्पल निघेना. तिच्याबरोबर पाऊलच वर आलं. पायाखालच्या रबरी चटईचा कोपरा ठोकलेला खिळा उचकटून उलटा झाला होता, आणि चप्पल फोडून अंगठ्याच्या बुडाशी पार आत गेला होता. सरांनी दात आवळून तो ओढून काढला, तेव्हा ‘आई गं’ सरच म्हणाले. अलगदराव दुसऱ्याच कुणाचा तरी पाय असल्यासारखे बघत राहिले.

*

पाय दुखत नाही, याचा खरं तर त्यांच्या घरात आनंदीआनंद होता.

त्याआधी टाचेनं त्यांना पार रडकुंडीला आणलं होतं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की कुणी टाचेत दाभण खुपसल्यासारखी कळ यायची. भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जायचं, मग हळूहळू पाय मोकळा व्हायचा, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. शेवटी बायकोनं हट्टानं डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“उभं राहून राहून तळव्याची शीर ताणली गेलीय, काका,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी तळव्याला टॉवेल अडकवून पंजा स्वतःकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. पाण्याची बाटली बर्फ करून, कापडात गुंडाळून पायाखाली फिरवायची. तळ जाड आणि टाचेला आधार असेल अशी पादत्राणं घ्या. कडक फरशीवर उभे राहता तिथं चटई टाका, आणि मधूनमधून बसत जा. आणि हो, रक्तातली साखर तपासून घ्या.”

“मी गोड खातच नाही, मला कसली साखर?” अलगदराव बाहेर आल्यावर म्हणाले, आणि तो विषय तिथंच बुडाला.

बाकीचं मात्र बायकोनं कसोशीनं करून घेतलं. टॉवेल तीच हातात द्यायची. बाटली तीच बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. चपला तिनं आणल्या, आधाराच्या महाग म्हणून नुसत्या मऊ. चटई त्यांनी आणली, आणि सरकते म्हणून कोपऱ्यांत ठोकली. बसायचं तेवढं जमलं नाही. “बसलेला न्हावी म्हणजे गिऱ्हाईक नसलेला न्हावी,” असं त्यांचं म्हणणं.

काही महिन्यांत टाच शांत झाली. एके सकाळी ते पलंगावरून उतरले आणि सरळ चालत गेले. बायकोनं बाटलीचा महिमा शेजारीपाजारी सांगितला, वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर घरी बोलावून दाखवला. अलगदराव म्हणायचे, “अगं, आता पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही. ढगावरून चालल्यासारखं वाटतं.”

ती हसायची. तेही हसायचे.

*

“डोळे मिटा, काका,” जखम धुऊन झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “माझ्या हातात नायलॉनचा बारीक दोरा आहे. पायाला लावला की ‘लागलं’ म्हणायचं.”

अलगदरावांनी डोळे मिटले. ते लक्ष देऊन वाट पाहू लागले. कुठंतरी नळ गळत होता. बायकोच्या बांगड्या एकदा वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या. त्यांना वाटलं, बाई दुसऱ्या कामाला लागल्या असाव्यात.

“बाई, करा ना सुरू,” ते नम्रपणे म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरीणबाई दोरा डबीत ठेवत होत्या.

“झालं, काका.”

“काय झालं?”

“दोन्ही पावलं झाली.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं तोंडावर हात ठेवला होता.

“म्हणजे दुखत नव्हतं ते…” तिनं विचारलं. “आमच्या बाटलीनं नव्हतं?”

“टाच त्यानं बरी झालीही असेल,” बाई म्हणाल्या. “ते उपाय खोटे नाहीत, कित्येकांना गुण येतो. पण त्याच सुमारास साखरेनं नसा मारायला घेतल्या. रक्तातली साखर केवढी चढलीय बघा. दुखणं गेलं तसं दुखायची जाणीवही गेली, आणि तुम्हाला ती एकच गोष्ट वाटली.”

“पण बाई, मी उभा राहतो की! चालतो!”

“सवयीनं चालता, काका.”

अलगदरावांनी खाली वाकून आपलं पाऊल हातात घेतलं. ज्या बोटांना लोकांच्या डोक्यावरचा तीळदेखील केसांतून कळायचा, त्या बोटांना टाचेवरची भेग कळली, घट्टा कळला, पट्टी कळली. पावलाला मात्र ती बोटं कळली नाहीत. त्यांनी चिमटा काढला. आणखी जोरात काढला. नख रुतलं तशी बायकोनं त्यांचा हात धरला.

“अहो, पुरे.”

जखम वरून लहान आणि आतून खोल होती. मोठ्या दवाखान्यात दाखल केलं, सलाइन झाल्या, तरी अंगठा काळा पडत गेला आणि शेवटी तो कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “सरांची अर्धी दाढी राहिली होती, त्यांनी कुठं केली?”

“तशीच ठेवून दवाखान्यात बसले होते,” बायको म्हणाली. “नर्सबाई हसत होत्या त्यांना.”

हे ऐकून अलगदराव हसले, आणि हसता हसता त्यांना असं रडू कोसळलं की बायको खाटेची कड धरून नुसती उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. टाच दुखायची तेव्हासुद्धा नाही.

*

दुकान पुन्हा उघडलं. चटईचे सगळे खिळे उपटून टाकले होते. चाकांचं एक उंच स्टूल आलं होतं, आणि आता अलगदराव बसून केस कापायचे. पहिले काही दिवस नवीन गिऱ्हाईक दारातून डोकावून बघे. सर मात्र पहिल्याच सकाळी येऊन खुर्चीत बसले, आणि मान वळवायची वेळ आली की सांगायच्या आत आपणच वळवू लागले.

“सर, मी फिरतो ना स्टुलावरून.”

“फिरा की. मीही फिरतो. मला काय काम आहे?”

हात तसाच होता. अलगद.

घरी बाकी सकाळची रीत बदलली. बायको त्यांना उजेडात बसवायची, दोन्ही तळवे मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघायची, पुसायची, मोजे घालायची. आयुष्यभर दुसऱ्यांची डोकी हातात धरलेल्या माणसाला आपले पाय कुणाच्या मांडीवर ठेवायचा संकोच जात नव्हता. ते खिडकीकडे बघत राहायचे. मग ती बंद बूट घ्यायची, एकेक करून पालथा करून झटकायची, आणि मनगटापर्यंत हात आत घालून चाचपून बघायची. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं होतं.

त्या दिवशी उजव्या बुटात हात घातल्याबरोबर ती “स्स्” करून थांबली.

“काय गं?”

तिनं हात बाहेर काढला. बुटाच्या आतल्या शिवणीतून तारेचं बारीक टोक वर आलं होतं. तिच्या बोटावर रक्ताचा ठिपका होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत फुगत गेला.

“लागलं?” त्यांनी विचारलं.

“हो. चांगलंच टोचलं.”

अलगदरावांनी तिचं बोट स्वतःच्या हातात घेतलं, आणि त्या थेंबाकडे ते बराच वेळ बघत राहिले. बूट घालायला पुढं केलेला त्यांचा पाय तसाच अधांतरी होता.