पहिल्या रांगेतला पॉल

“जरा हळू चाल,” फ्लॉसी त्याच्या कानाशी म्हणाली. “सगळे बघतात.”

पॉलने पाय आवरले. कालच डायलिसिस झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याला नेहमी थोडं बरं वाटे. फाटकापासून तो भरभर चालत आला होता. आता पापडी गावच्या मैदानात, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने तो बायकोचा हात धरून सावकाश निघाला. स्टेजवर मोठा बॅनर होता. त्यावर त्याचा हॉस्पिटलमधला फोटो, नाकात नळी, आणि खाली ‘पॉल सरांसाठी मदतीचा हात’. तो कधीच सर नव्हता. शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं देता-घेता त्याची नोकरी संपली होती.

किडनी फ्लॉसी देणार होती. ऑपरेशनच्या खर्चासाठी कार्यक्रम करायची कल्पना शेजारच्या व्हिव्हियनची. एक जुना गाण्यांचा ग्रुप काही न घेता गायला तयार झाला, तिकिटं खपली. पॉलने नको म्हणून पाहिलं होतं. एवढ्या लोकांनी आपल्यासाठी दमावं असं आपण काय केलंय, हे त्याला कळत नव्हतं. पण नको म्हणणं म्हणजे फ्लॉसीला नको म्हणणं होतं.

व्हिव्हियनने त्याला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं, असं सांगून तो स्टेजकडे पळाला.

मागे वटार गावची जुलियाना बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, “मला वाटलं, उचलून आणतील. हा तर चांगला दिसतो गं.”

फ्लॉसीची मान ताठ झाली. तिने पर्समधून रुमाल काढला आणि पॉलचं कपाळ पुसलं. कपाळ कोरडं होतं.

ग्रुपवालेही थकले होते. फुलाफुलांचे शर्ट, काळे केलेले केस. मुख्य गायक स्टुलावर बसून गात होता आणि वरची पट्टी आली की माइक लोकांपुढे धरत होता. मग त्यांनी ते गाणं काढलं. पॉलच्या लग्नात बँडवाल्यांना ते पुन्हा पुन्हा वाजवावं लागलं होतं, कारण कधी मान वर न करणारा नवरा एकदा नाचायला उठला तो बसेचना. उभ्या आयुष्यात तो तेवढाच नाचला.

सगळं मैदान उठलं. पॉलचे हात आपोआप वर आले. फ्लॉसीने मनगट धरून खाली आणलं.

“टाळी फक्त,” तो म्हणाला.

“तुझी टाळी कुठवर जाते, मला माहीत आहे.”

व्हिव्हियन नाचत नाचत पुढ्यात आला. “आंटी, तुमी तरी चला की.”

तिने मान हलवली. तो गेल्यावर पॉल हळूच म्हणाला, “जा ना. तू कुठे आजारी आहेस?”

“आजारी माणसाची बायकोपण नाचत नसते, पॉल,” ती समोर बघत म्हणाली. “लोकांनी आपल्यासाठी पैसे दिलेत.”

धूळ उडत होती. बायका, म्हातारे, पोरं, सगळे हात वर करून नाचत होते. फ्लॉसी कपाळाला आठ्या घालून, दुखवट्याला बसावं तशी बसली होती. मनगट तिने सोडलं नव्हतं. त्यावर तिची बोटं ठेका धरत होती, हलकेच, कुठेही न चुकता. तिला ते ठाऊक नसावं.

पॉलने हात मुळीच हलवला नाही.