मी आणि फॉगहॉर्न वाहिनीचा परवाना

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. अंगावरचा काळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, मान वळवताना कुरकुरतो. पण नजर अजून चांगली आहे. न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स शहरात, बंदराच्या वरच्या चढावर 'फॉगहॉर्न' नावाची एक लहानशी वाहिनी आहे. धुक्यात बोटींना हाक मारणाऱ्या भोंग्यावरून तिचं हे नाव पडलं. मी तिथेच नोकरीला आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा पहिला चेहरा दिसला तो फॉन्सचा. त्याचं पूर्ण नाव अल्फॉन्सस, पण तेवढं लांब नाव त्याची आई रागावली तरच घ्यायची. त्याने माझी काच फुंकरून पुसली आणि म्हणाला, "ये राजा, आता आपण दोघं मिळून पोट भरू."

फॉगहॉर्न ही पैसे भरून बघायची वाहिनी. वर्गणी भरली की सिनेमे दिसणार, नाही भरली की वाहिनीला कुलूप आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण सरकारच्या प्रक्षेपण आयोगाने परवाना देताना अट घातली होती, की इथल्या मातीतलं काहीतरी इथेच तयार करून दाखवा. त्या अटीमुळे माझी चूल पेटत होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली डल्सी रेंडल दर आठवड्याला माझ्यासमोर रांधायची. तव्यावर कणकेचे गोळे थापून तळायची, वर काकवी ओतायची आणि मला दटावायची, "जवळून बघ रे मेल्या, काकवी लाजत नाही!" बाजारात लोक तिला थांबवून पाककृती विचारत. फॉन्स म्हणायचा, "श्रेय डल्सीला, पण रूप याने दिलं." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे लोक फोनवर सिनेमे बघू लागले. वर्गणीदार गळू लागले. आयोगाकडून तेवढ्यापुरती सूट मागून डल्सीचा कार्यक्रम बंद झाला आणि मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या डोक्यावर ओल्या टोप्या वाळत पडायच्या. परवान्याची मुदत संपत आली होती. वाहिनीची मालकीण सेलिना पार्डी एकदा फॉन्सला म्हणाली, "नवा परवाना मागायचा तर आयोगाला सांगायचं काय? आमची म्हातारी वाहिनी मरेना, म्हणून जगू द्या?" ती हसली, पण लगेच खिडकीकडे वळली.

आणि त्याच हिवाळ्यात ते वादळ आलं. बर्फ दारांच्या वरपर्यंत चढला. शहराने सगळी दुकानं बंद केली, रस्त्यावर यायला बंदी घातली. सेलिना आणि फॉन्स कचेरीतच अडकले. समोरच राहणारी डल्सी फावड्याने बर्फ बाजूला सारत आली. "एकटीने चहा प्यायचा कंटाळा आला गं," म्हणाली.

सेलिनाने खिडकीवरची वाफ पुसून बर्फात बुडालेली घरं पाहिली. मग म्हणाली, "फॉन्स, कुलूप काढ. सगळ्यांना दिसू दे."

"अगं, परवान्यात बसत नाही ते!"

"परवाना घरात अडकलाय का? माणसं अडकलीत."

फॉन्सने माझ्या डोक्यावरच्या टोप्या खाली फेकल्या. मी डोळे उघडले. घराघरांतल्या मुंग्या पळाल्या आणि डल्सी दिसू लागली. लोक फोन करून घरात काय उरलंय ते सांगत आणि ती त्यातून जेवण उभं करून दाखवी. कुणाकडे फक्त खारवलेला मासा आणि बटाटे, कुणाकडे शिळा पाव. "कांदा नाही? मग कांद्याशिवाय रडा!" असं ती म्हणाली, तेव्हा फॉन्सला इतकं हसू आलं की मी थरथरलो. रस्ते मोकळे होईपर्यंत आम्ही असंच चालवलं. मग कुलूप पुन्हा लागलं.

काही महिन्यांनी शहरातल्या एका हॉटेलात आयोगाची सुनावणी झाली. सुनावणी टिपायला फॉन्सने मलाही नेलं. आमच्या परवान्यावर डोळा असलेल्या एका मोठ्या कंपनीच्या वकिलाने उठून सांगितलं, "यांनी परवान्याचा भंग केला आहे. शिवाय यांना बघतंय कोण?"

आयोगाच्या अध्यक्षाबाईंनी विचारलं, "कुलूप काढलं होतं, हे खरं?"

"खरं," सेलिना म्हणाली. "तसं वादळ आलं तर परत काढीन. त्यासाठी तुमची परवानगी आधीच मागून ठेवते."

परवाना गेला तर फॉन्सची नोकरी जाणार, आणि मी भंगारात.

तेवढ्यात मागच्या रांगेतून थिओफिलस नावाचे म्हातारे कोळी उठले. "बाई, मी बोलू? वादळात मी घरात एकटा होतो. बायको गेल्यापासून चूलही नीट पेटवली नव्हती. ही डल्सी म्हणाली, 'ऊठ, पाणी उकळायला ठेव.' मला वाटलं, मलाच म्हणाली. मी उठलो."

बाईंनी विचारलं, "तुम्ही वर्गणी भरता का, काका?"

"तेव्हा नव्हतो भरत. यांनी कुलूप परत लावलं, तेव्हा आधी शिव्या दिल्या, मग पैसे भरले. आमच्या गल्लीत सगळ्यांनी तेच केलं!"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षाबाईही तोंडावर हात धरून हसल्या. मी ते सगळं टिपलं, जरासुद्धा न हलता.

निकाल आला. सेलिनाने सात वर्षांचा परवाना मागितला होता, तीनच वर्षांचा मिळाला. पुन्हा असं कुलूप काढण्याआधी आयोगाला कळवावं, अशी तंबीही मिळाली. आणि एक सक्त अट, की दर आठवड्याला स्वतःचा कार्यक्रम झालाच पाहिजे. सेलिनाने ती अट मोठ्याने वाचली आणि डल्सीला कडकडून मिठी मारली. फॉन्स माझी काच पुसायला मऊ फडकं आणायला धावला.

मित्रांनो, तीन वर्षांनी काय होईल, मला ठाऊक नाही. सध्या काम भरपूर आहे. तुमच्याजवळ माझ्यासारखं काही असेल तर त्याची काच पुसत जा, त्याच्यावर ओलं काही टाकू नका. आणि एखादी गोष्ट तुम्हाला आवडत असेल, तर ती चालू आहे तोवरच उठून तसं सांगा. थिओफिलसकाका उठले, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.