एक ठोका कमी

"ताई, तुम्ही म्हणाला होता, नाव कुणाला कळणार नाही," फोनवरची बाई म्हणाली. "नाव नाही कळलं. घड्याळ कळलं."

तीन नंबरच्या बाईंनी डोळे मिटले होते. ऐकताना त्या नेहमीच मिटायच्या. आवाज त्यांनी पहिल्या शब्दालाच ओळखला. थंड पाण्यात पाय टाकण्याआधी माणूस घेतो तसा श्वास घेऊन ही बोलायची. सहा महिन्यांपूर्वी तिचे चार फोन झाले होते. पण नियम तो नियम.

"तुमचा क्रमांक सांगता?"

"सातशे चाळीस. पाठ आहे. तुम्हीच ना त्या, तीन नंबर?"

"हो, मीच. काय झालं ते सांगा. सावकाश सांगा."

"परवा कोर्टात मोठ्या दिरांच्या वकिलानं तुमचा कागद वाचला. चांगला मोठ्यानं. बोलणारी बाई तिशीची, मागे पायानं चालवायचं शिवणयंत्र, आणि भिंतीवर घड्याळ, चार वाजता तीनच ठोके देणारं. दीर पिंजऱ्यात उभे होते. त्यांनी वकिलाकडे बघितलं नाही, जजकडे बघितलं नाही. मागे वळून आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. घड्याळ सासऱ्यांच्या वेळचं. ते एक ठोका खातं हे घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरी आल्यावर ह्यांनी आधी घड्याळ खाली उतरवलं, मग मला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, उंबऱ्याबाहेर. बहिणीकडे आलेय. मशीन तिकडेच राहिलं. पोरगीही तिकडेच. ठेवून घेतली तिला."

बाईंची पेन्सिल कागदावर टेकली होती, ती तिथेच राहिली.

"मी भांडायला फोन नाही केला, ताई. तो कागद तुम्ही लिहिला होता का, एवढंच सांगा."

टिपणांविषयी फोनवर अवाक्षर काढायचे नाही, हा कचेरीचा नियम. बाईंच्या तोंडून शब्द निघाले, "चौकशी करून सांगते." निघाले आणि त्यांचे त्यांनाच लागले. चौकशी करून सांगते म्हणजे सांगत नाही, हे अख्ख्या जगाला माहीत आहे.

"करा चौकशी. उद्या चारला फोन करते. शेजारच्या दुकानातून बोलतेय, तो काही रोज रोज फोन द्यायचा नाही."

फोन ठेवला गेला. चार वाजून गेले होते. मागे घड्याळ वाजले नव्हते, तीनदाही नाही.

आता ही कचेरी कसली, ते सांगायला हवे. ती पोलिसांची नव्हती. पोलिसांना मदत करणाऱ्या नागरिकांची होती. ज्याला गुन्हा माहीत आहे पण ठाण्याची पायरी चढायची छाती नाही, त्याने इथे फोन करावा, सांगावे आणि मोकळे व्हावे. संस्था काढली थोरल्या मास्तरांनी. शाळेतून निवृत्त झालेला साधा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी चारही फोनच्या, समोरच्याचा नंबर दाखवणाऱ्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "हाक मारणाऱ्याला देव कधी नाव विचारतो का? तो हाक ऐकतो. आपणही तेवढंच करायचं." फोन घेणाऱ्यांनाही नावे नव्हती, खुर्च्यांचे नंबर होते. नाव चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे. बाईंनी ते सतरा वर्षे काढून ठेवले होते.

माहितीचा कागद एक, पण त्याचे भाग दोन. मध्ये फाडायला टिंबांची रेघ. वरच्या भागात काय घडले, कुठे, कोणी. त्यातली पहिलीच ओळ छापलेली: नाव : विचारू नये. खालचा भाग ऐकणाऱ्याच्या टिपणांचा. आवाज कसा, खोकला कसा, मागे काय वाजते आहे. वरचा भाग पोलिसांकडे जायचा, खालचा कपाटात. कारण सरळ होते. ज्याला नाव नाही त्याला पुन्हा ओळखायचे कसे? उद्या भलत्याच कोणी फोन करून "तो मीच" म्हटले, तर खरा कोण आणि खोटा कोण? तेव्हा हे टिपण कामी यायचे. ते कपाटातून बाहेर जाणार नाही, हा मास्तरांचा शब्द होता. मास्तर गेले, शब्द राहिला. निदान बाई तसे समजत होत्या.

टिपणे लिहावीत तर बाईंनी. गळका नळ, शेजारच्या खोलीतले तान्हे, खुर्चीचा मोडका पाय, सगळे त्यांच्या कागदावर उतरायचे. एक नंबरवरचे काका म्हणायचे, "ताईंना फोन करायचा तर माणसानं आधी घरातला उंदीर हाकलावा. नाहीतर त्याचंही टिपण व्हायचं." बाई हसायच्या. ज्याला कुठे बोलायला जागा नाही त्याचे जिवाचा कान करून ऐकणे ही त्यांना पूजाच वाटायची, आणि पूजेत काही कमी पडू नये म्हणून त्या सगळे लिहायच्या.

सातशे चाळीस नंबरचा पहिला फोन त्यांना लख्ख आठवत होता. थोरला दीर घरामागच्या खोलीत मुदत संपलेल्या औषधांवर नवी लेबले चिकटवत होता. लहान मुलांचे तापाचे औषधही त्यात होते. "माझी पोर आजारी पडली तेव्हा तेच औषध आणून दिलं हो घरच्यांनी," ती म्हणाली होती. मध्येच घड्याळाने ठोके दिले आणि तेवढ्या भीतीतही ती हसली होती. "तीन नाही, चार वाजलेत, ताई. आमचं घड्याळ खोटं बोलतं, मी नाही."

बाईही हसल्या होत्या. आणि ते वाक्य लिहून त्याखाली त्यांनी रेघ मारली होती.

त्या उठल्या आणि काचेच्या खोलीत गेल्या. तिथे व्यवस्थापक बसायचा. हा पूर्वीचा चार नंबर. नवा होता तेव्हा बाईंनीच त्याला रोज दहा मिनिटे डोळे मिटून बसवले होते, रस्त्यावरचे आवाज मोजायला लावले होते. एका लहान मुलाचा फोन घेऊन तो ढसाढसा रडला, तेव्हा पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला त्यांनीच लावला होता. आपल्या डब्यातला अर्धा घास वर्षभर त्याच्या पुढे सरकवला होता. आता त्याच्या डोक्यावर भिंतीवर एक नवी चौकट होती. सरकारी वकिलांच्या कचेरीने संस्थेला दिलेले प्रशंसापत्र.

"या ताई, बसा. चहा सांगू?"

"चहा राहू दे. सातशे चाळीसचा खालचा भाग कोर्टात कसा गेला?"

त्याने पेन खाली ठेवले. गोष्ट नाकारली नाही. नाकारली असती तर बाईंना बरे वाटले असते.

"सरकारी वकील अडून बसले होते. म्हणाले, असा कुणी माणूस खरंच आहे कशावरून? पोलिसांनीच रचलं असेल. समोरचा वकील तेच म्हणणार. मग मी खालचा भागही दिला. टिपण वाचलं आणि जागचे उठले ते. म्हणाले, इतकं बारकाईनं ऐकणारी माणसं आहेत तुमच्याकडे. हे तुमचंच कौतुक आहे, ताई."

"आणि त्याची प्रत आरोपीच्या वकिलाला गेली."

"ती जाणारच. कायदाच आहे तसा."

"तुला ठाऊक होतं?"

त्याने पेन पुन्हा उचलले. बाईंना चार महिन्यांपूर्वीची दुपार आठवली. "ताई, कपाटाची किल्ली द्या ना. प्रती काढून ठेवतो, नाहीतर वाळवी लागेल," असे हाच म्हणाला होता. आणि त्यांनी किल्ली दिली होती. नुसती किल्ली नव्हे. पदर खोचून कागदांवरची धूळ झटकून, क्रमाने गठ्ठे लावून दिले होते.

"तिला घराबाहेर काढलंय. मुलगी ठेवून घेतलीय."

"वाईट झालं. खरंच वाईट झालं." त्याचा आवाज खरा होता, बाईंना आवाज कळायचे. "पण आपण नाव कुठे दिलं? नियम नावाचा आहे, ताई. घड्याळाचा नियम कुठे आहे?"

"मास्तर असते तर त्यांच्यासमोर असं बोलला असतास?"

"मास्तरांच्या वेळी देणग्या येत होत्या. आता काम दाखवावं लागतं." मग तो जरा पुढे झुकला आणि अगदी मऊ सुरात म्हणाला, "आणि टिपण तर तुमचंच होतं ना? उद्या विचारणा झाली तर मी तुमचा नंबर पुढे करणार नाही. निर्धास्त राहा."

पाण्याचा पेला ज्या हाताने धरला होता, तो हात बाईंनी मांडीवर घट्ट धरून ठेवला. मग त्या उठून बाहेर आल्या.

घरी नवऱ्याला उजव्या कानाने मुळीच ऐकू यायचे नाही आणि डाव्याने सोयीप्रमाणे. बाईंचे काम काय, हे त्यालाही धड माहीत नव्हते. शेजारीपाजारी तर समजायचे की त्या टेलिफोनच्या तक्रारी घेतात, आणि जिन्यात गाठून आपला फोन बंद असल्याचे सांगायचे. जेवताना बाईंनी पानातले काही उष्टावले नाही.

"अगं, काय झालं?"

"एकीला मी शब्द दिला होता. तो मोडला."

"तू मोडलास?"

"मोडला दुसऱ्यानं. पण त्याच्या हातात दिला मी."

त्याने डावा कान जवळ आणला. म्हणाला, "मग तिला जाऊन सांग तसं."

"सांगायची परवानगी नाही, अहो."

"परवानगी कुणाची हवीय? ज्यानं मोडला त्याची?"

एकाच कानाचा माणूस. पण नेमके तेवढे ऐकले होते त्याने.

दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला. काकांनी हात पुढे केला होता, बाईंनी आधी उचलला.

"सातशे चाळीस बोलतेय. केलीत चौकशी?"

"केली. तो कागद मी लिहिला. घड्याळाचं मीच लिहिलं, खाली रेघही मारली. तो कपाटातून बाहेर जाणार नाही असं मला सांगितलं होतं. तो बाहेर दिला गेला, माझ्याच कचेरीतून, जाणूनबुजून. किल्ली माझ्याकडून घेतली होती."

पलीकडे दुकानातले लोक कशावरून तरी हसत होते.

"मी हसले होते तेव्हा, तेही लिहिलंत का?"

"हो. तेही लिहिलं."

"ते नाही वाचलं वकिलानं," ती म्हणाली. मग तो श्वास. "ताई, तेव्हा मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत आपलं कुणीतरी ऐकतंय. बघा कसं असतं."

बाईंनी हे ऐकले. ऐकण्यासारखे दुसरे काही नव्हते, आणि सांगण्यासारखे एकच होते.

"मुलीसाठी तुम्ही कोर्टात जाल. जायलाच हवं. तिथे सासरचे काहीही सांगतील, तुमच्या चारित्र्यावर येतील. तेव्हा तुम्हाला घराबाहेर का काढलं, हे खरं सांगणारं कुणी हवं. मी येते."

"तुम्ही? तुम्हाला नोकरीवर ठेवतील?"

"नाही ठेवणार. माझं नाव लिहून घ्या."

एक नंबरचे काका हातातला कप तसाच धरून बघत राहिले. बाईंनी आपले नाव सांगितले. मग नवऱ्याचे, मग आडनाव, मग घराचा पत्ता, कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या खुणेसकट. या खोलीत सतरा वर्षांत उच्चारलेले ते पहिले नाव होते. त्यांना स्वतःलाच ते परक्यासारखे ऐकू आले.

पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. बाईंनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला.

"लिहिलं," ती म्हणाली. आभार तिने मानले नाहीत. मानायचे कारणही नव्हते. "माझं सांगू का?"

"नको. कोर्टातच कळू दे."

फोन ठेवून बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. काय घडले : विश्वासाने दिलेली माहिती आरोपीच्या हाती गेली. कुठे : याच कचेरीत. कोणी : व्यवस्थापकाने, आणि किल्ली देणाऱ्या तीन नंबरने. मग त्या पहिल्या ओळीवर आल्या. विचारू नये, या छापील अक्षरांपुढे थोडी जागा होती. तिथे त्यांनी शाळेत नाव घालताना लिहितात तसे एकेक अक्षर सुटे लिहून आपले पूर्ण नाव घातले.

खालच्या भागात टिपण लिहिले : मागे पंख्याचा आवाज. काकांनी कप खाली ठेवला. लिहिणारीचा आवाज स्थिर आहे.

सवयीने त्यांनी टिंबांच्या रेघेवर फूटपट्टी ठेवली आणि डाव्या हाताने कागद दाबून धरला. मग फूटपट्टी उचलून खणात ठेवली, आणि पोलिसांकडे जाणाऱ्या पेटीत कागद अख्खाच टाकला.