वहिनींनी नमुन्याला नेलेली पट्टी

मी रॅमची पट्टी बोलतेय. तळहाताहून जरा लांब, हिरवी, अंगावर काळ्या चिपा आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग. त्या रांगेत एक खाच आहे. रूपाचा गर्व मला आहेच, उगाच कशाला लपवू? हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचं कपाट, तर कपाटातलं काढून ज्यावर काम मांडायचं ते टेबल म्हणजे मी. मी नसले तर संगणक नुसता टूं टूं करत बसतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं आम्हाला तापवून, दमवून पारखतात. बरोबरीच्या कितीतरी जणी नापास झाल्या. मी झाले नाही, हे सांगायला मला फार आवडतं.

पुढे मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आले. तिथं नकाशे काढणाऱ्या बाईंना घरी सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी भिंती, जिने, खिडक्या काढायच्या आणि मी सांभाळायच्या. नकाशाच्या कोपऱ्यात नाव मात्र साहेबांचं पडायचं. एकदा वहिनींनी विचारलंच. साहेब म्हणाले, "नाव कुणाचं का असेना, इमारत उभी राहिली ना?" वहिनींनी नोकरी सोडली. ऑफिसनं जुने संगणक मोडीत काढले, तेव्हा आमचा त्यांनी घरी आणला.

मग स्वतःचं पहिलं काम मिळायची वेळ आली. शाळेचं वाचनालय! मुख्याध्यापिका संध्याकाळी घरी येऊन नकाशा पडद्यावर बघणार होत्या. पटला तर काम, नाहीतर पुन्हा साहेबांचं दार. आणि नेमक्या त्याच सकाळी वहिनींनी नकाशातली इमारत फिरवून बघायला घेतली की पडदा गोठायचा. मी कामात कुचराई करत नव्हते हो! पण टेबलावर मावणार तरी किती?

"मेमरी वाढवायला हवी," वहिनी म्हणाल्या. त्यांचे दीर लगेच चपला घालून निघाले. सासूबाई त्यांना 'सर्वज्ञ' म्हणतात, कारण 'मला माहीत नाही' हे त्यांच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही. तासाभरात ते एक झकपक नवी पट्टी घेऊन आले आणि संगणकाची पेटी उघडून ती माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेत अंगठ्यानं दाबू लागले. आम्ही सगळे ज्यावर बसतो तो मदरबोर्ड करकरला.

"भाऊजी, थांबा! जोर लावू नका!"

"अहो वहिनी, मेमरी ती मेमरी. जरा घट्ट आहे इतकंच."

"अरे, पायात जातच नाही ती चप्पल घट्ट नसते, दुसऱ्याची असते," सासूबाई आतून म्हणाल्या.

वहिनींनी वायर काढली, लोखंडी पेटीला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि मला कडेनं अलगद धरून बाहेर काढलं. दोघींना शेजारी धरलं, तर तिची खाच भलत्याच जागी! ती माझ्या पुढच्या पिढीची होती. मग तुटलेलं बटण नमुन्याला न्यावं तसं त्यांनी मला दुकानात नेलं; सर्वज्ञही मागोमाग आले.

काउंटरवर मी मधोमध पहुडले होते आणि एकेक पट्टी माझ्याशेजारी ठेवून तपासली जात होती. पिढी माझीच हवी, व्होल्टेज माझंच हवं, लॅपटॉपची आखूड पट्टी नको. सांगा, एवढा मान किती जणींच्या वाट्याला येतो?

"ही वेगानं जास्त आहे," दुकानदार म्हणाला. "चालेल, पण हिला जुनीच्या चालीनं चालावं लागेल. आणि मदरबोर्ड एवढी मेमरी घेतो का?"

"घेतो. ते बघूनच आलेय," वहिनी म्हणाल्या.

"खाचेचं माझ्या लक्षात आलंच होतं," सर्वज्ञ बाहेर पडताना पुटपुटले.

संध्याकाळी मुख्याध्यापिका आल्या. "आत जाता येईल का हो?" त्यांनी विचारलं. वहिनींनी इमारतीचं दार उघडलं, जिना चढल्या, वळल्या. शेजारची नवी पोरगी मुकाट्यानं माझ्या पावलाशी पाऊल जुळवत होती. पडदा एकदाही अडला नाही. अभिमानानं मी चांगलीच गरम झाले.

"खिडकीखाली हा कट्टा कशाला?"

"मुलं पाय वर घेऊन वाचत बसतील म्हणून."

मुख्याध्यापिकांनी पडद्यावरच्या त्या कट्ट्यावर बोट टेकवलं. "काम तुमचं. नकाशावर नाव कुणाचं येईल?"

"माझं," वहिनी म्हणाल्या. इतका वेळ रिकामा ठेवलेला कोपरा त्यांनी तिथंच भरला. आत स्वयंपाकघरात सासूबाईंनी डोळे पुसले.

आता एक सांगते. घरातलं बोलणं, हातांचा स्पर्श माझ्या लक्षात राहतो. पण सांभाळायला दिलेलं काम वीज गेली की माझ्याकडून पुसलं जातं. माझी जातच तशी. कपाटात ते नाव जपून ठेवलंय, त्याची काळजी नाही. तरी वहिनी, संगणक बंद करायला तुमचा हात निघालाय, तो जरा थांबवा. साहेबांचं नाव मी वर्षानुवर्षं सांभाळलं. तुमचं आज पहिल्यांदा हाती आलंय. अजून थोडा वेळ असू द्या माझ्यापाशी.