टेकडीवरच्या गल्लीचं पाणी

पुंजाराम पाणीपुरवठ्यात लाईनमन होता. शहराच्या त्या भागात नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, आणि कोणत्या गल्लीला किती वेळ सोडायचं ते त्याच्या हातातल्या, व्हॉल्व्ह फिरवायच्या लोखंडी चावीवर होतं. नियमानं टेकडीवरच्या आणि खालच्या, दोन्ही गल्ल्यांना पाऊण-पाऊण तास. पण त्यातला बहुतेक वेळ पाणी टेकडीवर चढण्यातच जायचा; वर एक टिपाड, म्हणजे पिंप, भरायची मारामार, आणि खाली लोक अंगणं धूत. पुंजारामनं दोन्हीकडची टिपाडं मोजली, साहेबांची लेखी परवानगी काढली आणि वर एक तास, खाली अर्धा तास सुरू केलं. सगळ्यांकडं घरटी तीन टिपाडं भरू लागली.

त्याचं स्वतःचं घर खालच्या गल्लीत होतं.

"दुसरे लाईनमन आधी आपल्या घरचं बघतात," बायको आशाबाई म्हणाली. "तुम्ही माझंच पाणी तोडलं."

तो खाली मान घालून जेवत राहिला.

मग पुंडलिक आला. तो त्याच गल्लीतला, निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतला माणूस. "भाऊ, आपलीच गल्ली हाय. पंधरा मिनिटं इकडं सरकवा."

"वरच्या बायका कोरड्या राहतील."

"त्यांना मी बोअर घेऊन देतो. त्यांचं तुम्ही नका बघू."

"बोअर घ्या, मग सरकवतो," पुंजाराम म्हणाला.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावून त्याच्यापुढं अर्ज ठेवला. लाईनमन पैसे घेऊन पाणी सोडतो, अशी तक्रार होती. खालच्या गल्लीतल्या सह्यांचं त्याला नवल वाटलं नाही. पण त्यांच्याखाली टेकडीवरची सतरा नावं होती, आणि त्यात पहिला अंगठा वच्छलाबाईचा. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून तिच्या नळाला धार लागली का ते पुंजाराम दर खेपेला चढण चढून बघून यायचा.

"साहेब, वेळ बदलायच्या परवानगीवर तुमची सही हाय."

साहेबांनी फाइल उघडली नाही. "चौकशी लागली तर निलंबन होईल. त्यापेक्षा बदली घ्या."

नोकरीची चार वर्षं उरली होती. त्यानं शहराच्याच दुसऱ्या भागात बदली घेतली.

संध्याकाळी तो वच्छलाबाईकडं गेला. तिनं नजर चुकवली नाही. "खोटं हाय हे मला ठाऊक होतं, भाऊ. पण पुंडलिकभाऊ म्हणले, अंगठा दिला तरच बोअर. तुम्हाला सरकार कुठंबी ठेवील. आमी कुठं जावं?"

तिच्या जागी आपणही हेच केलं असतं, असं उतरताना त्याच्या मनात आलं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

बोअर झालं नाही. नवा लाईनमन खाली सव्वा तास पाणी सोडू लागला, वर पंधरा मिनिटं. आशाबाईनं टिपाडं, हंडे, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवला. दुसऱ्याच दिवशी वच्छलाबाई रिकामा हंडा घेऊन दारात उभी राहिली. पुंजारामनं तो भरून दिला. तिसऱ्या दिवशी चौघी आल्या, चौथ्या दिवशी अकरा जणी. त्यानं रांग लावली, प्रत्येकीला एकेक हंडा.

पाचव्या दिवशी टिपाडांचा तळ लागला तेव्हा रांगेत अजून सहा जणी होत्या.

"आपल्याला प्यायला?" आशाबाईनं हळूच विचारलं.

शेवटची भरलेली कळशी त्यानं आत नेली आणि दार लावून घेतलं. बाहेर कुणी दार वाजवलं नाही, की शिवी दिली नाही. थोड्या वेळानं रिकामे हंडे उचलल्याचा आवाज आला, आणि बायका चढणीला लागल्या.